तिसऱ्या रांगेतला हशा

नानूकाका परुळेकर नसते तर मी बी. ए. झालो नसतो. नाटकातले विनोदी नट, आमच्या गावचे. रक्ताचं नातं नाही. त्यांच्याविषयी मी पुष्कळांना सांगितलं आहे. हे मात्र कुणालाच नाही — बायकोलाही नाही.

त्यांच्या जोगेश्वरीच्या खोलीत राहून मी शिकलो. त्यांनी मागितलं ते एवढंच — जवळपास खेळ असला की तिसऱ्या रांगेत बसायचं आणि सर्वांआधी हसायचं.

"माणसां हसाक लाजतत रे. एकान सुरवात केली, की मगे कोण थांबता?"

आणि खरंच, मी हसलो की मांडव हसायचा. पोरवयात दशावतारात तोंडाला रंग लागलेला हा माणूस. रस्त्यात दिसला तरी लोकांचे चेहरे खुलायचे. पण आता गुडघे गेले होते, आवाज बसत चालला होता. बोरीवलीचा खेळ बघून नाटक कंपनीचे मालक ठरवणार होते — काकांना ठेवायचं की घरी बसवायचं. नोकरी लागून मी मुलुंडला राहायला गेलो होतो. काका तिथवर येऊन सांगून गेले. "तेवढो ये, बाबा."

म्हणजे त्या खेळावर काय अवलंबून आहे, ते मला ठाऊक होतं. नव्हतं असं कसं म्हणू?

मांडवात आमच्या ऑफिसचे साहेब भेटले, शेजारी बसले. काकांचा प्रवेश ठरलेला — गावाहून आलेला गडी, डोक्यावर फणस. विजेचा दिवा लागला की हात जोडतो, विझला की सोडतो. पुन्हा लागला, पुन्हा जोडतो. जोगेश्वरीत पहिल्या संध्याकाळी मीच तसे हात जोडले होते. त्यावरूनच त्यांनी हे बसवलं होतं. मी कितीदा तरी पोट धरून हसलो होतो.

साहेब वाकून म्हणाले, "काय हो सावंत, तुमच्याकडचाच दिसतो हा?"

"छे हो साहेब! मी कुठला ओळखायला!"

— मग सर्वांआधी हसायचं कसं?

दिवा लागला. काकांनी हात जोडले, तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. थांबले. आमची नजरानजर झाली. मी रुमाल काढून चेहरा पुसू लागलो. ते जोडलेल्या हातांनी तसेच उभे. मागून कुणी ओरडलं, "ओ काका, झोपलात काय?"

तेव्हा मांडव हसला. साहेब हसले. आणि मीही हसलो.

कंपनीनं त्यांना घरी बसवलं. ते गावी निघून गेले. मला एका शब्दानं विचारलं नाही. मीच त्यांना पत्र टाकलं —

"तीर्थस्वरूप नानूकाकांस शिरसाष्टांग नमस्कार. ताप भरल्यामुळे बोरीवलीस येता आले नाही. खेळ नेहमीसारखा रंगला असेलच. आपला, वसंत."