म्हशीने पान्हा चोरला, त्याचे कारण

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे. या क्षणी मी, सूक्ष्मजीवशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवलेली पदव्युत्तर पदवीधर, आमच्या पेठेतल्या दूधकट्ट्यासमोर एका उभ्या टेम्पोमागे दबा धरून बसले होते आणि माझ्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईवर पाळत ठेवत होते.

गोष्ट इतक्या थराला कशी गेली, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

मी एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गावोगावहून आलेल्या दुधात जंतू किती, हे मोजणे माझे काम. माझी मुलगी रेवा तेव्हा अडीच वर्षांची होती. तिचे वडील पुण्यात असतात (ही माहिती अद्ययावत असेलच असे नाही). माझे माहेर नेसरीचे; पण आई अंथरुणाला खिळलेली, तिलाच सांभाळायला माणूस लागते. राहिले पाळणाघर. त्याची फी माझ्या पगाराच्या चाळीस टक्के होती आणि साडेपाचनंतर दर पंधरा मिनिटांना दंड होता. माझी नोकरी सहाला सुटे. म्हणजे उशीर न करताही मी रोज, अत्यंत वक्तशीरपणे, दंडाला पात्र होत असे!

त्यामुळे आमच्याच इमारतीत तळमजल्याच्या एका खोलीत राहणाऱ्या शेवंताआक्कांना मी विचारले. आक्का मूळच्या मुरगूडच्या, वय साठीच्या पुढे, आवाज चौथ्या मजल्यापर्यंत. मी रीतसर मुलाखत घेतली. बावीस प्रश्नांची प्रश्नावली तयार होती.

"बालसंगोपनाचा अनुभव?"

"पाच पोरं, अकरा नातवंडं. म्हशी मोजल्या न्हाईत."

"मूल रडल्यास आपण काय कराल?"

"उचलून घेनार की! तुमी काय करताय?"

(मी त्या वेळी रडण्याचा कालावधी मोजत असे. ते सांगितले नाही.)

"मासिक अपेक्षा किती?"

"पोरी, तू एकटीनं कसं रेटतीयास ते मला दिसत न्हाय व्हय? दे तुझ्या हिशेबानं."

मी माझ्या हिशेबाने दिले. तीन हजार. उरलेले एकोणीस प्रश्न विचारायचे राहून गेले, कारण रेवा आक्कांच्या मांडीवर झोपली होती.

पण शास्त्राचे शिक्षण माणसाला सुखाने बसू देत नाही. मी एक नोंदतक्ता केला: वेळ, घन आहार, द्रव आहार मिलिलिटरमध्ये, झोप मिनिटांमध्ये. आक्का तो रेवाच्या रंगीत खडूने भरत. पोळीसाठी गोल, झोपेसाठी आडवी रेघ. दुधाचा रकाना मात्र रोज कोरा. मी सकाळी उकळून, गाळून, झाकून ठेवलेले दूध संध्याकाळी तसेच्या तसे. असे असूनही सहा आठवड्यांत रेवाचे वजन नऊशे ग्रॅमनी वाढले! वस्तुमान शून्यातून निर्माण होत नाही, हे मला शाळेपासून ठाऊक होते.

"आक्का, तुम्ही हिला बाहेरचे काही देता का?"

"बाहेरचं? छ्या! आमी कशाला देतोय बाहेरचं?"

"रेवा, दूध घे."

"न्हाय! पिलीया मी!"

कुठे प्यायली, कोणते, किती, कोणत्या तापमानाचे? उत्तर मिळेना. त्यातच आमच्या विभागात वरिष्ठ विश्लेषकाची जागा निघाली. पुढच्या मंगळवारी मुलाखत. ती जागा मिळाली तर रोज सातपर्यंत थांबावे लागणार, आणि सातपर्यंत रेवाजवळ कोण, हा प्रश्न केवळ आक्कांमुळे सुटलेला होता. सुटलेला प्रश्न पुन्हा तपासून पाहणे हा माझ्या शिक्षणाचा दोष. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रेवाला घेऊन निघालेल्या आक्कांच्या मागोमाग जाऊन मी टेम्पोमागे बसले.

समोर रस्त्याकडेला सहा म्हशी उभ्या होत्या. गवळी धार काढी ती थेट गिऱ्हाइकाच्या पेल्यात, आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या पेला रिकामा करी. अकरा माणसे रांगेत. आणि पालथ्या बादलीवर, कान चुरगळलेल्या दोन पैलवानांच्या मधोमध, दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून, माझी मुलगी! तिघांनाही मिशा होत्या. रेवाची पांढरी होती.

मी टेम्पोमागून बाहेर आले.

"आक्का! हे कच्चे दूध आहे!"

"कच्चं कुठलं? गरम हाय की. आत्ताच काढलंय."

"मी रोज हेच तपासते! यात किती जंतू असू शकतात, तुम्हाला कल्पना आहे?"

"ओ पावणं," धाकटा पैलवान समजुतीच्या सुरात म्हणाला, "आमी पंधरा वर्सं पितोय. आमाला काय झालंय?"

"तुमची नमुनासंख्या एक आहे."

"एक कशी? ह्यो माझा भाऊ बी पितोय!"

रांग हसली. इथे शहाण्या बाईने मुलीला उचलून घरी जायला हवे होते. परंतु माझ्या पर्समध्ये निर्जंतुक बाटली, कापूस आणि स्पिरिट होते. (अन्य स्त्रियांच्या पर्समध्ये काय असते, मला नक्की माहीत नाही.) नमुना थेट स्रोतापासून घ्यावा, असा नियम आहे. मी गवळ्याला बाजूला सरायला सांगितले, कापसावर स्पिरिट ओतले आणि म्हशीचा सड पुसला.

म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. अशा नजरेने माझ्याकडे यापूर्वी फक्त कौटुंबिक न्यायालयात पाहिले गेले होते. आणि तिने पान्हा चोरला. धार थांबली ती थांबलीच. गवळ्याने कास थोपटली, चुचकारले, आई म्हटले, शेवटी हात जोडले, थेंब नाही.

"बाई, म्हशीला काय लावलासा हो?"

"स्पिरिट. निर्जंतुकीकरणासाठी."

"आरं देवा!"

वास वाऱ्याने पुढे गेला. दुसरी म्हैस फुरफुरली, तिसरीने खुंट्याला हिसका दिला. रांगेतला शेवटचा माणूस पुढच्याला विचारू लागला, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि दोन मिनिटांत 'बाईनं म्हशीला इंजेक्शन दिलं' ही बातमी चौकात पोचली. तिथून ती परत आली तेव्हा मी सरकारी अधिकारी झाले होते आणि कट्ट्यावर छापा पडला होता! टोकाच्या दोघा गवळ्यांनी मुकाट्याने म्हशी सोडल्या आणि गल्लीत घातल्या. एक रिक्षावाला रिक्षा थांबवून मोबाईलवर चित्रण करू लागला.

"म्याडम, इकडं बगा की जरा!"

मी म्हशीकडून नमुना मिळत नाही असे पाहून रेवाच्या हातातला पेला घेतला आणि उरलेले दूध बाटलीत ओतले.

"माझं हाय!" रेवा किंचाळली. "माझं दूध! आक्का, बग की!"

आक्कांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी समोरच्या चहावाल्याकडून कोमट पाणी आणले, पदर खोचला, म्हशीची कास सावकाश धुतली आणि तिच्या मानेवर हात फिरवत हळू आवाजात काहीतरी बोलू लागल्या. चौथ्या मजल्यापर्यंत जाणारा तो आवाज मला चार फुटांवरून ऐकू आला नाही. तीनेक मिनिटांनी धार पुन्हा लागली. रांगेने सुटकेचा श्वास सोडला. आक्कांनी पहिला पेला रेवासाठी भरला, मग माझ्याकडे नजर गेली, आणि तो त्यांनी धाकट्या पैलवानाला दिला.

शुक्रवारी निकाल आला. बशीवर जंतूंच्या इतक्या वसाहती उगवल्या होत्या की अशा वेळी आम्ही आकडा लिहीत नाही, 'मोजण्यापलीकडे' असे लिहितो. माझे म्हणणे शंभर टक्के खरे होते! त्या आनंदात मी संध्याकाळी सात कलमांची नियमावली छापून आणली. खाली दिनांक, नाव आणि सही यांसाठी ठिपक्यांच्या रेघा.

आक्का भाकरी थापत होत्या. रेवा पिठाची म्हैस करत होती.

"वाचून दाव," आक्का म्हणाल्या.

मी वाचले. चौथे कलम असे होते: 'मुलीस कोणताही खाद्यपदार्थ अथवा पेय देण्यापूर्वी मातेची संमती घेणे बंधनकारक राहील.' सातव्या कलमात उल्लंघन झाल्यास काय, ते होते.

आक्कांनी तवा उतरवला. हात धुतले, पुसले.

"सही येतीया मला. चौथीपातुर शिकलोय. पण ह्याच्यावर न्हाय करनार."

"का? ही फक्त पद्धत आहे, आक्का."

"आसंल. दूध उकळून दे म्हनली आस्तीस तर उकळून दिलं आस्तं. कट्ट्यावर नको म्हनली आस्तीस तर न्हेलं नसतं. तोंडानं सांगायचं की गं." त्यांनी तवा पुन्हा चढवला. "तुमचं बरोबर आसंल, म्याडम. तुमी शिकल्याली मानसं."

त्या क्षणापर्यंत मी 'पोरी' होते. बढतीच्या मुलाखतीला चार दिवस बाकी असतानाच मी 'म्याडम' झाले!

सोमवारी सकाळी खाली कुलूप होते.

मंगळवारी मी रेवाला घेऊनच मुलाखतीला गेले. तिला बाहेर शिपायाजवळ बसवले होते. पाचव्या मिनिटाला ती दार ढकलून आत आली. टेबलावर समितीसाठी आमच्याच प्रकल्पाच्या सुगंधी दुधाच्या बाटल्या मांडल्या होत्या. मी जंतुनियंत्रणातील आधुनिक पद्धतींविषयी बोलत होते. रेवाने एक बाटली उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, टेबलाखाली वाकून शोधले आणि समितीच्या अध्यक्षांना विचारले,

"म्हस कुठं हाय?"

अध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. जागा मला मिळाली. पगारवाढ आणि पाळणाघराची सातपर्यंतची फी यांची वजाबाकी केल्यावर असे दिसते की वरिष्ठ झाल्यापासून मी दरमहा साडेतीनशे रुपयांनी अधिक गरीब आहे.

त्याच आठवड्यात मी कट्ट्यावर गेले. गवळ्याने मला पाहताच म्हशीपुढे उभे राहून दोन्ही हात पसरले.

"नाही, नाही. मी फक्त पैसे द्यायला आले आहे. रेवाच्या दुधाचे. किती झाले?"

"काय न्हाय ऱ्हायलं. आक्का रोजच्या रोज द्यायची. म्हनायची, तिच्या आईला बोलू नगंस, तिचंच जमंना झालंय."

मी तिथेच, रस्त्यात, हिशेब केला. (सवय वाईट.) मी दिलेल्या पगाराचा तिसरा हिस्सा आक्का माझ्याच मुलीला पाजत होत्या. नोंदतक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

घरमालकांकडून नंबर मिळवून रविवारी मी मुरगूडला फोन लावला.

"आक्का, मी बोलते. वरची."

"व्हय. पोरगी जेवती का?"

"जेवते." (खोटे होते. तीनशे ग्रॅम कमी झाली होती.)

"मग बरं झालं."

"आक्का, चुकले माझे. या ना परत. तो कागद फाडला मी."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"आता कुठं येऊ? सुनंचं दिवस भरत आल्यात. हितं बी कोनतरी पायजेच की." मग एकदम मोठ्याने, "बरं, तिला पालथी निजवत जा! उतानी दचकती ती."

हे मला माहीत नव्हते. अडीच वर्षांत मी रेवाच्या झोपेची मिनिटे नोंदवली होती. ती कशी झोपते, ते नाही.

आता पाळणाघरातून सात वाजता घरी येताना रेवा तळमजल्यावरच्या कुलपाशी थांबे. "आक्का कुठं हाय?" जिन्यात, जेवताना, आंघोळीत, तोच प्रश्न. मी प्रत्येक वेळी सांगे, "येईल हां. दूध पी." आणि दुसरे काहीच करता येत नसल्यामुळे मोजू लागले. पहिल्या दिवशी सत्तावीस वेळा. आठवड्याने एकोणीस. पुढे अकरा, सहा. मध्येच एका दिवशी चौदा, कारण रस्त्यात म्हैस दिसली. मग तीन, मग दोन. विसरण्याचा आलेख पुस्तकात असतो तसाच निघाला; इतका सुबक आलेख मला प्रयोगशाळेतही कधी मिळालेला नाही. शून्य आले की हे प्रकरण संपेल, असे माझे भाकीत होते.

शून्य एका गुरुवारी आले. रेवा कुलपाकडे न पाहता थेट जिना चढली. जेवली. उकळलेले, गाळलेले, पूर्णपणे निर्धोक दूध तिने एका दमात संपवले आणि ओठ पुसले. मला हुश्श व्हायला हवे होते. मी रिकामा पेला हातात धरून तशीच बसले आणि माझ्या तोंडून निघून गेले,

"रेवा, आक्का कुठं हाय गं?"

रेवाने माझ्याकडे पाहिले. माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटले.

"येईल हां," ती म्हणाली. "दूध पी."

ती झोपल्यावर (पालथी) मी वही उघडली. तिच्या नावापुढे शून्य लिहिले. निरीक्षकाने प्रयोगात स्वतः भाग घेऊ नये, हे मी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या शिकाऊ मुलांना दरडावून सांगत असते. तरीही खाली आणखी एक ओळ आखली, तिच्यात माझे नाव घातले आणि त्या दिवसाचा आकडा भरला: १.