दोन्ही कान दिसले पाहिजेत

मुआर गावात, नदीकाठच्या चिनी बाजारामागे बीखिमचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. तिथे बसून ती गेलेल्या माणसांची चित्रं काढायची. कुणाचा बाप गेला, कुणाची सासू गेली, की घरचं कुणीतरी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो घेऊन यायचं. बीखिम त्यावर बारीक चौकटी आखायची, भिंग लावायची आणि कोळशाच्या भुकटीने तो चेहरा हातभर मोठा करून द्यायची. पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर टांगायच्या चित्राचे नियम ठरलेले होते. चेहरा सरळ समोर, हसू नको, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. एका कानाचा पूर्वज नातवंडांचं अर्धंच ऐकतो, असं तिचे वडील सांगत.

काम तिला वडिलांनीच शिकवलं होतं. ते लवकर गेले आणि त्यांचं चित्र तिलाच काढावं लागलं, तेव्हा ती शाळेत होती. पोरीचा हात बापाचा आहे, असं बाजार म्हणाला. जीभ आईची नाही हे नशीब, असंही म्हणाला.

आईला ती आबू म्हणायची. आबूची जीभ खरोखरच भारी होती, पण तिचं खरं हत्यार म्हणजे तिचा डावा कान. त्याची पाळी मधोमध फाटलेली होती. "तू फाडलास," आबू सांगायची. "वर्षाचीसुद्धा नव्हतीस. कडेवर बसून डूल ओढलास. रक्ताने सदरा भिजला, पण मी तुला खाली टाकलं का? नाही टाकलं."

बीखिम अठराची असताना सिंगापूरच्या चित्रशाळेत तिला जागा मिळाली होती. आबूने वाद घातला नाही, नुसता केस मागे सारून कान चोळला. पुढे बातू पाहात या गावच्या एका लोखंडसामानवाल्याचं स्थळ आलं. माणूस बरा होता, विनोदी होता, बीखिमला आवडलाही होता. त्या आठवड्यात आबूचा कान अचानक ठणकायला लागला. धाकटा भाऊ बूनतेक मात्र क्वालालंपूरला गेला, लग्न केलं, तिथेच राहिला. त्याने कुणाचा कान फाडला नव्हता ना. सणाला पेट्या भरून संत्री घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आचे, तू आहेस म्हणून बरं आहे. मला काळजीच नसते." आचे म्हणजे ताई. त्याची ही काळजी नसणं बीखिमला फार जड जायचं, पण ती संत्री सोलत बसायची.

मागच्या खोलीत मात्र ती स्वतःसाठी रंगवायची. मांडणी तीच जुनी, उंच पाठीची खुर्ची, भरजरी झगा, सरळ चेहरा. पण झग्यातला माणूस जसा जगला तसा. मासळीवाल्या काकूच्या मांडीवर तराजू. आयुष्यभर पत्ते कुटणाऱ्या मामाच्या हातात पत्ते. गावात कुणी ही चित्रं घेतली नसती, आणि तिने कुणाला दाखवलीही नव्हती. पेनांगच्या एका कुळमंडळाचे चिटणीस चुआ आपल्या आईचं चित्र न्यायला आले आणि मोरीकडे जाताना त्यांची नजर तिकडे गेली. ते बराच वेळ परत आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "आमच्या सभागृहाची भिंत रिकामी आहे. समुद्रापलीकडून आलेले आमचे सगळे पूर्वज तुम्ही असे काढाल का? तिथेच राहायचं. दोनेक वर्षं तरी जातील."

बीखिम तेव्हा पंचेचाळीसची होती. तिने आबूला विचारलं नाही, सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आबू भाताच्या पेजेत चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, "जा की. मी कधी अडवलं? फक्त आधी माझं चित्र काढ. उद्या मेले तर मला कुठल्या परक्याच्या हाती द्यायचंय?"

आबूचा बेत उघड होता. चित्र पसंत पडायचंच नाही, म्हणजे लेकीचं जाणंही नाही. पण म्हातारीला हौस नडली. आत्ताच्या सुरकुत्या तिला नको होत्या. तिने ट्रंकेतून आपलं पहिलं ओळखपत्र काढून दिलं, इंग्रजांच्या राज्यात घरोघरी फोटो काढून वाटलेलं. "हा चेहरा काढ. तेव्हा लोक वळून बघायचे."

फोटो इतका लहान होता की कान म्हणजे दोन ठिपके. बीखिमने चौकटी आखल्या, भिंग धरलं. कपाळ झालं, डोळे झाले, उजवा कान झाला. डाव्या कानाच्या चौकटीवर आली आणि थांबली. भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. पाळी मधोमध फाटलेली होती. ओळखपत्रावरचा शिक्का बीखिमच्या जन्माच्या आदल्या वर्षाचा होता.

ती ओळखपत्र आणि भिंग घेऊन स्वयंपाकघरात गेली. आबू केळीच्या पानात बांधलेला मासळीचा ओताह निखाऱ्यावर भाजत होती. बीखिमने दोन्ही वस्तू तिच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "हा कान कुणी फाडला?"

आबूने भिंगाला हातही लावला नाही. "जपानी आले तेव्हा रबराच्या मळ्यातून पळत होते. कुंपणाच्या तारेत डूल अडकला. थांबायला वेळ नव्हता."

"म्हणजे मी नव्हते."

"तू कुठली असायला? तुझा बापसुद्धा तोवर भेटला नव्हता."

"आणि एवढी वर्षं..."

"मग काय करणार होते?" आबूने ओताह उलटला. "बाप गेला. भाऊ जाणारच होता, मुलगाच तो. तू पण गेली असतीस. उगाच थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस का?"

बीखिमला राग यायला हवा होता, आणि आलाही होता, पायापासून डोक्यापर्यंत. चित्रशाळा आठवत होती, लोखंडवाल्याचे पांचट विनोदसुद्धा आठवत होते. पण प्रश्न खरा होता, आणि खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

"थांबले असते, आबू," ती म्हणाली. "नुसतं म्हणाली असतीस तरी थांबले असते."

आबूने चिमटा खाली ठेवला. लेकीकडे तिने इतकं निरखून बहुधा कधी पाहिलं नसेल.

"मग आता म्हणते," ती म्हणाली. "थांब."

बीखिम तिथेच उभी राहिली. खोटं असतं तर लाथाडून गेली असती. पण थांबले असते, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून तिने पेनांगला फोन लावला. चुआ म्हणाले, थोडं थांबू आम्ही. ती म्हणाली, नका थांबू. परत येताना ती रडली, बाजारात, सगळ्यांदेखत. ओळखीचे लोक भाजी निवडल्यासारखं करत राहिले.

आबूचं चित्र तिने पुरं केलं, भरजरी झगा, तरुण चेहरा आणि फाटका कान. "शिवून टाक तो कान," आबू म्हणाली. बीखिमने नाही म्हटलं, आणि चित्र मागच्या खोलीत इतरांबरोबर उभं केलं.

चुआ माणूस हट्टी. चित्रकार येत नाही तर चित्रं तरी न्यावीत, म्हणून पुढच्या वर्षी ते टेम्पो घेऊन आले आणि मासळीवाली काकू, मामा, आबू अशी सगळी मंडळी त्यांनी जमवलेल्या सिंगापूरच्या एका प्रदर्शनाला गेली. तिकडून छापील पत्रक आलं. त्यावर आबूचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, चिनी वारसा आणि चित्रकर्तीचं स्वतःचं जगणं यांतून उमटलेलं काम. आबूने ते शेजारणींना दाखवलं, फाटका कान बोटाने झाकून.

उद्घाटनाच्या दिवशी बूनतेक मोटार घेऊन आला. "सकाळी जायचं, रात्री घरी. आचे, तुझीच चित्रं आहेत, तू नको का?" शेजारीण आबूजवळ बसायला तयार होती. बीखिमने नवा निळा सदरा घातला, केस बांधले, पिशवी घेतली. उंबऱ्याबाहेर येऊन चपला पायात सरकवल्या.

आतून आबूचा आवाज आला. कान ठणकतो असं ती म्हणाली नाही. छातीत दुखतंय असंही नाही. त्या सगळ्याची तिला आता गरजच उरली नव्हती.

"बीखिम," ती म्हणाली, "थांब."

बूनतेकने मोटार चालू ठेवली होती. बीखिमने वाकून चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि आत गेली.