रविवार मागणारे मामा

दर वर्षी भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं की मामा पॅकिंग सोडून माझ्या टेबलाशी यायचे, रविवारच्या लाल रकान्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा बघा मॅडम. रिकामा पडलाय. इथे मतदान ठेवायला यांचं काय जातं?"

"मला काय विचारता? मी निवडणूक घेते का?"

"तुम्ही लिहिता चांगलं. वरती कळवा."

वरती म्हणजे कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर अर्धा तास गेला असता.

अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापतो. हजेरी, रजा आणि भांडणं एवढं खातं माझ्याकडे. मामा डिस्पॅचला होते. खोक्यांना पट्ट्या आवळायच्या, टेम्पोवाल्यांशी हुज्जत घालायची, माल वेळेत काढायचा. ते कुणाचेच मामा नव्हते, पण मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल. त्याचं आयुष्यात एकच म्हणणं असतं, आणि ते सुरू झालं की लोक डबा उचलून पलीकडच्या टेबलावर जातात.

मामांचं म्हणणं कारखान्यात कुणालाच पटत नसे, हे आधी सांगायला हवं. मशीनवरची मुलं तर हात जोडायची. "मामा, मतदान रविवारी गेलं की आमची एक भरपगारी सुट्टी गेली ना. का आमच्या पोटावर पाय देता?"

अकाउंट्समधली पोरगी म्हणायची, "रविवारी ठेवलं तर सगळे शनिवारीच लोणावळ्याला पळतील."

"जाणारे सोमवारी पण पळतात," मामा म्हणायचे. "ज्यांना जाताच येत नाही त्यांचं बोल."

"म्हणजे कोण?"

"असतात." एवढं बोलून ते डब्याचं झाकण लावायचे.

माझं मत विचाराल तर आठवड्याचा मधला वार बरा. मागे-पुढे काही जोडता येत नाही. मी ते मामांना सांगितलंही होतं. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मानखुर्दला त्यांच्या बिल्डिंगमध्ये प्रचाराला लोक यायचे, त्यांनाही मामांनी सोडलं नव्हतं. उमेदवार हात जोडून पाण्याचं, गटाराचं सांगू लागला की मामा म्हणत, "ते राहू दे. रविवारचं काय ते बोला." उमेदवार हसत हसत पुढच्या दारावर जायचा.

लोकसभेचं मतदान सोमवारी आलं. त्याआधी आमच्या मालकांनी एक नियम काढला. दर वेळी लोक मतदानाची सुट्टी घेतात आणि गावाला नाहीतर समुद्रावर जातात, म्हणून मंगळवारी सकाळी ज्याच्या बोटाला शाई नाही त्याची सोमवारची रजा धरायची. नियम कायद्यात बसतो का, हे मालकांनी विचारलं नाही. राबवायचा मात्र मी. मंगळवारी मी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. एकेक जण बोट दाखवून आत जात होता. मुलं चेष्टा करत होती, "मॅडम, नखं पण कापलीत, बघा."

मामांनी दोन्ही हात खिशात घातले होते.

"काढा हो मामा. तुमचं काय बघायचं?"

त्यांनी हात काढला. बोट कोरं होतं.

मशीनवरची मुलं आधी हसली. मग मामांचा चेहरा बघून आत गेली. मीही पहिल्यांदा हसलेच. जो माणूस दहा वर्षं मतदानावरून आमचं डोकं खातो, त्यानेच मत दिलं नाही.

"तब्येत बरी नव्हती?"

"सकाळी सातपासून तिथेच होतो मॅडम. वाकोल्याला, शाळेच्या फाटकाबाहेर."

"मग?"

"मग काय. सहा वाजले. फाटक बंद झालं."

दुपारी मी त्यांना टेबलाशी बोलावलं. माणूस दिवसभर मतदान केंद्राबाहेर उन्हात उभा राहतो आणि आत जात नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला थोडक्यात सांगते.

मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ वाकोल्याच्या चाळीत वाढले. चाळ पाडली गेली, माणसं पांगली. मामा बायकोला घेऊन मानखुर्दला गेले, भाऊ कांदिवलीला. मतदारयादीतली नावं मात्र कुणीच बदलली नाहीत. चाळ पाडण्याच्या थोडं आधी, वैशाखात, आई गेली. भाऊ एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि त्या दिवशी शेठला घेऊन नाशिकला गेला होता. मामांनी त्याला निरोप दिला आणि दुपारपर्यंत वाट बघितली. चाळीतली म्हातारी माणसं म्हणाली, उन्हाळ्याचं ठेवता येणार नाही. मामांनी उचललं.

"तो स्मशानात पोचला तेव्हा मी हात धूत होतो," मामा म्हणाले. "मला म्हणाला, माझ्यासाठी थांबता आलं नाही तुला? तेवढंच. त्यानंतर शब्द नाही."

मामा दोनदा कांदिवलीला जाऊन आले होते. भावजयीने सेफ्टी डोअरच्या आतूनच सांगितलं, घरी नाहीत. भावाच्या चपला बाहेर होत्या. फोन तो उचलत नसे. मग मामांच्या मनाने घेतलं की दोघांची गाठ पडेल अशी एकच जागा उरली आहे, वाकोल्याची शाळा.

"रांगेत उभा राहिला की जाईल कुठे? तास-दीड तास हलता येत नाही. मी मागे उभा राहीन, बोलेन."

"मग तुम्ही मत देऊन बाहेर थांबायचं."

"मत दिलं की पोलीस हाकलतात मॅडम, थांबू नका म्हणून. आणि मी देऊन बसलो तर त्याच्याबरोबर रांगेत कसा उभा राहणार?"

म्हणून ते दर निवडणुकीला फाटकाबाहेर उभे राहत. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, तर चाळीतले जुने लोक आपापले फोन मामांच्या हातात देऊन आत जात. त्या सोमवारी दिवसभर त्यांच्या दोन्ही हातांत दुसऱ्यांचे फोन वाजत होते आणि त्यांची नजर रस्त्यावर होती.

"तो शेठच्या गाडीवर असतो. इतर वारी सुटत नाही. रविवारी शेठचा मुलगा स्वतः गाडी काढतो, तेव्हा याला सुट्टी," मामा म्हणाले. "रविवारी ठेवलं असतं तर तो आला असता."

मी त्यांची सोमवारची रजा धरली. नियम सगळ्यांना सारखा होता. मग शेठचा नंबर मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता, पण चाळीतल्या कुणाकडून तरी त्यांनी मिळवून आणला.

विधानसभेचं मतदान बुधवारी होतं. त्याआधी मी शेठला फोन लावला. टेम्पोवाल्यांशी बोलते त्याच आवाजात सांगितलं की मतदानाला माणसाला मोकळं सोडावं लागतं, आणि तुमचा ड्रायव्हर कित्येक वर्षं मत देऊ शकलेला नाही.

शेठ भांडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "अहो मॅडम, मी कधी नाही म्हटलं त्याला? त्याने कधी मागितलंच नाही. बुधवारी सांगतो ना, जा म्हणून. त्यात काय."

मी फोन ठेवला. भावाने कधी मागितलंच नाही, हे मामांना सांगितलं नाही. बुधवारी सोडतात, एवढंच सांगितलं.

गुरुवारी सकाळी मामा सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाशी उभे होते. मी खुर्ची टाकायच्या आतच बोट पुढे केलं. शाई होती.

"आला?"

"आला. रिक्षातून उतरला. मी पटकन मागे जाऊन उभा राहिलो. त्याने वळून बघितलं, परत पुढे बघितलं."

"मग काय बोललात?"

मामा खिशातला रुमाल काढून उगाचच हात पुसू लागले. "पुढे तो, मागे मी. चाळीतला एक जण ओरडला, काय रे, आज रामलक्ष्मण एकत्र? आम्ही दोघं एकदम हसलो. मग दोघं एकदम गप्प झालो. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेत मॅडम. माझ्या डोक्यात ते अजून काळेच होते. मी तेच बघत बसलो."

"तासभर?"

"तासभर. आत साहेबाने आधी त्याचं नाव वाचलं, मग माझं. मधलं नाव एकच, बापाचं. साहेबाने मान वर करून दोघांकडे बघितलं. तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं, तर शाई लावणारी बाई म्हणाली, पुढे सरका. मी बाहेर आलो तोवर तो रिक्षात बसला होता."

मी चिडले. एवढा खटाटोप केला, आणि कारखान्यात ज्याचं तोंड बंद करता येत नाही तो माणूस तासभर गप्प उभा राहिला. मी तसं म्हटलंही.

"पुढच्या वेळी बोलेन ना," मामा म्हणाले. "आता येतो हे तर कळलं."

पुढची वेळ म्हणजे महापालिका. ती किती लांबली ते तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक नव्या तारखेच्या अफवेला मामा माझ्या टेबलाशी येत आणि मी त्यांना परत पाठवत असे. मतदान रविवारी हवं, असं मात्र ते आता म्हणत नव्हते. वार कुठलाही चालेल म्हणायचे, फक्त लवकर करा.

गणपती गेले आणि एका कामाच्या दिवशी मामा हजेरीला आले नाहीत. दुपारी बायकोचा फोन आला. सकाळी चहा घेतला, पायात चप्पल घातली आणि दारातच बसले, ते उठले नाहीत.

मी मानखुर्दला गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामींनी सगळ्यांना थांबवून धरलं होतं. बिल्डिंगमधली माणसं घड्याळं बघत होती, कुणीतरी पावसाचं नाव काढत होतं, आणि मामी एकच सांगत होत्या, भाऊजी आल्याशिवाय हलवायचं नाही. संध्याकाळी तो आला. अंगावर ड्रायव्हरचा पांढरा गणवेश होता. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती, हनुवटी तीच होती. वर मात्र तो आला नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. खाली आणल्यावर उठला आणि खांदा दिला.

डिस्पॅचला आता एक तरुण माणूस आहे. कामाला चांगला आहे. त्याचं कशाबद्दलच काही म्हणणं नाही.

महापालिकेचं मतदान शेवटी जाहीर झालं, गुरुवारचं. त्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मागच्या वेळी तुम्ही शेठना फोन केला होता. मी तुमच्या कारखान्यातल्या मामांचा धाकटा भाऊ."

"बोला."

"या वेळी पण कराल का? दोन तासांसाठी."

"तुम्हीच मागा ना. शेठ नाही म्हणणार नाहीत. मला म्हणाले आहेत तसं."

त्याच्या मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"मला मागायला जमत नाही मॅडम. आई गेली त्या दिवशी पण नाही जमलं. निरोप सकाळीच आला होता. शेठची मीटिंग संपेपर्यंत मी गाडीत बसून राहिलो. दादाला वाटायचं, निरोप उशिरा पोचला."

मी विचारलं, "आता कशाला जायचंय तुम्हाला?"

"वहिनीचं नाव अजून तिथेच आहे. ती जाणार म्हणते. एकटीला रांगेत उभं राहावं लागेल."

बायकांची रांग वेगळी असते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी शेठचा नंबर लावला.