धाकट्यानं आधी बोलायचं

माझा उजवा हात आज शाबूत आहे तो जळगावच्या दवाखान्यातल्या थोरल्या शिकाऊ डॉक्टरांमुळे. शिकाऊ म्हणजे परीक्षा पास झालेले, पण मोठ्या साहेबांच्या हाताखाली अजून काम शिकणारे. असे चौघे होते, त्यांतले हे थोरले. साहेब बाहेरगावी गेले की वॉर्ड यांच्या हवाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण हाताची गोष्ट काढली की मी हातातच अडकतो आणि माणूस मागं राहतो.

मी राजापूरकडचा सुतार. वडील गेले तेव्हा पाचवीत होतो. शाळा तिथंच थांबली आणि हातात रंधा आला. पुढं गावातल्या एकानं जळगावच्या जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चिकटवलं. दारं, फळ्या, सरकीच्या कोठ्या, जे मोडेल ते दुरुस्त करायचं. भाकरी मिळत होती, पण माणसं परकी, बोली परकी. आणि माझा स्वभाव असा की पायरीवरून उतरतानासुद्धा पुढची पायरी असेल ना, असं मनात येतं.

दुष्काळाच्या आधीचा कापसाचा हंगाम होता. फळी ठोकताना माझा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला. पट्टा थांबवला तोवर मधली तीन बोटं चेंगरली होती. मुकादमानं टांग्यात घालून दवाखान्यात आणलं. साहेबांनी जखम धुतली, बांधली, हात उशीवर उंच ठेवायला सांगितला आणि म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी त्यांना धुळ्याच्या कोर्टात साक्षीला जावं लागलं. परत यायला एक मुक्काम होणार होता.

ते गेले आणि हात सुजला. बोटं वांग्याच्या रंगाची झाली.

थोरले डॉक्टर तिघांना घेऊन माझ्या खाटेशी आले. पट्टी सोडली. मला वाटलं, आता हे बघतील आणि सांगतील. पण तसं झालं नाही. तिघांत सगळ्यांत धाकट्या एक बाई होत्या, नुकत्याच आलेल्या. त्यांच्याकडे वळून यांनी विचारलं, "तुम्ही सांगा, काय करावं?"

बाईंचा आवाज जेमतेम निघाला. थांबून पाहावं असं वाटतं, म्हणाल्या. नख दाबलं की पांढरं होतं आणि सावकाश का होईना, परत लाल होतं, म्हणजे रक्त अजून फिरतंय. मग दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तिन्ही बोटं आजच काढावीत, उशीर केला तर विष हातभर चढेल. तिसऱ्यानंही मान हलवून तेच सांगितलं. थोरल्यांनी माझं नख स्वतः दाबून पाहिलं, एकदा नव्हे, तिन्ही बोटांचं. आणि एवढंच म्हणाले, मी परत येऊन बघतो.

ते गेले. शेजारच्या खाटेवर पारोळ्याकडचे एक आबा होते, बैलगाडीवरून पडून मांडी मोडलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आमना गावमा मोठला आधी बोलतस, मंग पोरे," आबा म्हणाले. "आठे तं उलटंच शे भाऊ. याले सोताले काही येस का नही?"

माझ्या मनातलंच ते बोलले होते. आमच्याकडंही घराचं लाकूड निवडताना थोरला सुतार बोट ठेवील तेच खरं, पोरांना कोणी विचारत नाही. हा माणूस वॉर्डाचा मुख्य आणि काल आलेल्या मुलीला विचारतो! विचारून वर काही ठरवतही नाही. तीन बोटांवाचून सुतार म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आईला काय तोंड दाखवू? ती एकटी गावी, तिला तर मी अपघाताचं कळवलंही नव्हतं. मुकादम सांगत होता की बाजारपेठेत एक खासगी डॉक्टर आहे, हात धरला की रोग ओळखतो. मी डाव्या हातानं धोतर, तांब्या पंच्यात गुंडाळलं आणि निघालो. आबांनी अडवलं नाही. म्हणाले, जाय, पण चक्कर वनी तं खाली बस.

व्हरांड्यात थोरले डॉक्टर समोरूनच आले. गाठोडं पाहिलं, लोंबता हात पाहिला. आधी माझा हात धरून वर केला आणि मग विचारलं, कुठं?

मी घाबरून खरं तेच बोललो. म्हटलं, तुम्हाला कळत नाही म्हणून तुम्ही सगळ्यांना विचारता, तर मी जिथं कळतं तिथं जातो.

ते हसले. रागावतील असं वाटलं होतं. मला बाकावर बसवून म्हणाले, "मी आधी बोललो असतो ना, तर त्या बाईंनी तोंडच उघडलं नसतं. मी पट्टी सोडली ती कापायचं मनात धरून. नख दाबायचं माझ्या डोक्यातही नव्हतं."

मी गाठोडं बाकावर ठेवलं.

"आता दाबून पाहिलंय. थांबायचं. ठरवलं मी, आणि साहेबांना उत्तरही मीच देणार. चला खाटेवर."

मी गेलो. का गेलो, ते नीट सांगता येत नाही. आपण चुकणार होतो असं तोंडावर सांगणारा माणूस खोटं बोलत नसावा, एवढंच वाटलं. त्यानंतर चौघांनी पाळ्या लावल्या. ज्यांना बोटं कापायची होती त्या दोघांनीही आपली पाळी चुकवली नाही. जो येई तो नख दाबायचा, थांबायचा, पुढच्याला सांगून जायचा. बाई आल्या की आबा मला म्हणत, वनी तुनी वकील.

साहेब धुळ्याहून परतले ते तडक वॉर्डात आले. हात उलटासुलटा केला आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, थांबायचं कोणी ठरवलं? बाई खाली बघू लागल्या. थोरले म्हणाले, "मी, सर." दुसरं नाव नाही, सबब नाही. साहेब हुं म्हणून पुढच्या खाटेकडं गेले.

पुढं सूज उतरली. बोटांना बोटांचा रंग आला. मधल्या बोटाचं टोक तेवढं गेलं, बाकी सगळं राहिलं. साहेब एका सकाळी म्हणाले, बरं केलंत थांबलात ते. तेव्हा मात्र थोरल्यांनी बाईंकडं हात केला. म्हणाले, नख यांनी पाहिलं, सर.

मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. मला हसू येतंय का रडू, तेच कळेना.

"तू तं पयी जाई ऱ्हायंता," शेजारून आबांनी माझ्या पळून जाण्याची आठवण काढली.

मी म्हटलं, आबा, तुम्हीच तर म्हणाला होतात, उलटं आहे म्हणून.

"हात वाचना ना? आते उलटं का सुलटं, काय करनं शे."

घरी सोडताना मी थोरल्यांना विचारलं, तुम्हाला काय देऊ? त्यांनी वॉर्डातलं स्टूल दाखवलं. एक पाय आखूड, बसलं की डुगडुगायचं. म्हणाले, हात चालू लागला की मला एक चांगलं स्टूल करून द्या.

हात चालायला वेळ लागला. रंधा पहिल्यांदा धरला तेव्हा लाकूड कमी आणि घाम जास्त निघाला. सागाचं स्टूल करून दवाखान्यात नेलं, तोवर त्यांचं शिकणं संपून ते निघून गेले होते. कुठं, ते कोणाला नीट सांगता आलं नाही. कोणी म्हणे नाशिककडं, कोणी म्हणे आपल्या गावी. वॉर्डातले म्हणाले, इथंच ठेवा. मी नाही ठेवलं.

ते माझ्याकडंच आहे. दर दिवाळीला त्याला तेलाचा हात देतो. डॉक्टर, तुमचा पत्ता आज ना उद्या लागेल. त्या दिवशी मी ते खांद्यावर घेऊन येईन आणि तुम्ही बसून पाहिल्याशिवाय परत फिरणार नाही.