कादर मुलाण्याची सुरी

जेवण आणि खेळ देऊन लोकांना गप्प बसवायची रीत जुन्या राजांपासूनची आहे म्हणतात. आमच्या गावात ती सेहेचाळीस साली पाटलांनी चालवली.

खर्ड्याजवळच्या आमच्या गावाचं गायरान पाटलांना स्वतःच्या लागवडीला हवं होतं. मामलेदार दुपार कलल्यावर येऊन गावाची संमती विचारणार होते. हात वर झाले की काम झालं. म्हणून पाटलांनी त्याआधी मटणाचं जेवण ठेवलं, वर तमाशाचा फड आणला. माझ्याबरोबर मजुरी करणाऱ्या बन्सीनं आणि मी मटण शिजवायचं चुलाण खणलं. सहा हात लांब, दीड हात खोल, सगळा मुरूम. पहाटेपासून दहा वाजेपर्यंत लागलो.

बोकड कापायचं काम कादर मुलाण्याचं, बापजाद्यांपासून. त्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय गावात हिंदूही मटण खात नसत. त्याच्या चार शेळ्या गायरानावरच जगत. ते गेलं तर शेळ्या विकाव्या लागणार होत्या.

सात बोकड बांधले होते. कादरनं सुरी दगडावर घासली, फडक्यात गुंडाळली आणि चुलाणाच्या काठावर बसला.

"पाटील, मामलेदार येऊन जाऊ द्या. मंग कापतो."

"का रं?"

"तुमचं खाल्ल्यावर तुमच्याम्होरं कुनाचा हात खाली ऱ्हाईल?"

"सुगीला बलुत्याचा दाणा मागायला माझ्याच खळ्यावर येशील," पाटलांनी बजावलं.

"ईन की. दिलं तर घीन."

जामखेडहून दुसरा मुलाणी आणायला संध्याकाळ झाली असती. माणसं ताटकळली. मीही कादरवर चिडलो होतो. पोटात काही नव्हतं आणि केलेलं काम फुकट चाललं होतं. जेवायला आलेल्यांतला रंगनाथ म्हणाला, "कादरभाई, बोकडालाच इचारा, त्याचा हात वर हाय का." कादर हसला, पण उठला नाही.

मामलेदारांनी विचारलं. पाटलांच्या भाऊबंदांचे अकरा हात वर झाले. माझा झाला नाही. जेवलो असतो तर झाला असता.

संमती नाही असं लिहून मामलेदार गेले. कादर उठला आणि बोकड आणा म्हणाला. पाटलांनी ते सोडून घरी नेले. फड न वाजताच परत गेला. चुलाण आम्हीच बुजवलं.

सुगीला पाटलांच्या खळ्यावर कादरला दाणा मिळाला नाही. पुढच्या वर्षी तो रस्त्याच्या कामावर माझ्याशेजारी खडी फोडायला बसला. हातोड्याची सवय नव्हती; पहिल्या आठवड्यात तळहात सोलले. तरी खडी एकसारखी पाडायचा. शेळ्या तोवर सहा झाल्या होत्या.