मामांची हाक

आमच्या धाकट्या मामांइतके छातीठोक अंदाज बांधणारा आणि तितक्याच छातीठोकपणे चुकणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही. जन्म म्हशींत गेल्यामुळे कुठलाही जीव किती चालेल हे आपल्याला नुसतं बघून कळतं, असा त्यांचा समज. बायपासनंतर त्यांना हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गाला घातलं, तर तिथंही तेच. कुणी नवा पेशंट ट्रेडमिलवर चढला की मामांचा निकाल तयार, "हे पावणं कळंब्याच्या तळ्यापतोर जात्यात की!" पावणं लगेच धापा टाकत खुर्चीवर. स्वतःबद्दल विचारलं तर त्याच्याही कितीतरी पुढचं, थेट मुरगूड.

वर्गाच्या डॉक्टरीणबाई कुणाला किती झेपेल ते बोलण्यावरून ठरवत. चालताना बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. ही पद्धत मामांपुढं सपशेल आपटली. घामानं निथळले, चेहरा पांढराफटक पडला, तरी तोंड चालूच! आणि त्यांना तर दिवाळीच्या पाडव्याला आपल्या राणी म्हशीपुढं चालायचं होतं. त्या दिवशी आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. धनी हाक मारत पुढं, म्हैस मागं. बाईंनी साफ नाही म्हटलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी मामीच बाईंकडं गेली. "त्यास्नी बोलाय लावू नगासा. म्हशीला हाक मारू द्या." मामांची ती हाक लांबलचक, एका दमात मारायची, तिथं लबाडी चालत नाही. मामांनी ट्रेडमिलवरून "येऽऽऽ राणीऽऽऽ" केलं तेव्हा शेजारचे पेशंट दचकून उभे राहिले. पण हळूहळू चाल वाढली, हाक टिकली, आणि बाईंनी एका अटीवर परवानगी दिली. हाक तुटली की थांबायचं.

पाडव्याला शिंगं रंगवून, घुंगरं घालून राणी निघाली. चौकाच्या चढावर मामांची हाक तुटली. हा हट्टी माणूस थांबतोय कसला! पण मामा थांबले. एका दुकानाच्या पायरीवर बसले. राणीही थांबली आणि मागून आरडाओरडा सुरू झाला. मामा म्हणाले, "बोंबलू द्या! बाईस्नी शब्द दिलाय न्हवं?" दम परतल्यावर उठून त्यांनी अशी हाक दिली की सगळा चौक शिट्ट्या मारायला लागला. राणी मान झटकून निघाली आणि मामा शेवटपर्यंत तिच्यापुढं चालले. मी त्या गर्दीत उघड उघड रडलो.

मामांचं घर माझ्या घराला लागूनच. रोज सकाळी गोठ्यातून हाक येते. ती पुरी झाल्याशिवाय मामी चहाचं आधण ठेवत नाही. एखाद्या दिवशी ती हाक मला जरा आखूड वाटते. त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून मामांकडं जाऊन बसतो.