दर्शना सिस्टरची मूठ

पूर्णगडच्या आरोग्य उपकेंद्रात दर्शना सिस्टरला सोळा वर्षं झाली होती. माहेर लांज्याकडचं, शेतकऱ्याचं. नवरा स्वरूप मुंबईला कामाला. बाई तोंडाची फटकळ, पण हाकेला धावणारी, असा तिचा लौकिक.

एप्रिलमधल्या त्या सकाळी सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, विठूच्या बागेशेजारचा भागोजी धापा टाकत आला. "सिस्टर, विठूला तोडलान! सदूनं!"

विठू आणि सदू सख्खे भाऊ. आंब्याच्या बागेतला चिऱ्यांचा सामाईक गडगा सदूने विठूच्या बाजूला हातभर सरकवला, विठूने चिरे उपटून फेकले, आणि सदूने कोयता घातला.

दर्शना पोचली तेव्हा विठू कलमाखाली पडला होता. वार जांघेत बसला होता आणि रक्त उसळ्या मारत बाहेर पडत होतं. वर पट्टी आवळायला जागाच नव्हती. तिने टॉवेल जखमेत कोंबला, त्यावर डाव्या हाताची मूठ रोवली, वर उजवा हात दाबला आणि अंगाचा सगळा भार टाकला. रक्ताची उसळी थांबली.

"बोलतोय, म्हणजे धोका नाय ना?" विठूची बायको हौसा विचारत होती. विठू खरंच शुद्धीवर होता, पाणी मागत होता. पण त्याचे हात मढ्यासारखे गार होते आणि ओठ पांढरेफटक.

"त्याच्यावर जाऊ नको, हौसा. रक्त कमी पडलं की शरीर कातडीच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या नसा आवळतं आणि उरलेलं रक्त मेंदूला नि काळजाला पुरवतं. म्हणून तो बोलतोय. हे फार वेळ टिकत नाही. एकशेआठला फोन लाव!"

फोन करून हौसा बागेतल्या खोपटाच्या चुलीकडे वळली. "चिरा तापवून पाय शेकते त्याचे."

"अजिबात नको! शेकलंस तर आवळलेल्या नसा सैल पडतील आणि रक्त पायाकडे जाईल. नुसती चादर घाल. आणि पाणी पाजू नको, नुसते ओठ ओले कर."

तेवढ्यात झाडीतून सदू परत आला. कोयता तसाच हातात, डोळे तांबारलेले.

"सिस्टर, बाजूला व्हा. ह्याला जिता ठेवायचा नाय मला."

दर्शनाचं तोंड कोरडं पडलं, बोटं गार झाली. मूठ मात्र हलली नाही.

"मार. पण मी हात काढणार नाही."

सदूने कोयता उलटा करून तिच्या उजव्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज हौसालाही ऐकू आला. उजवा हात लुळा पडला. दर्शनाने किंचाळत डाव्या मुठीवर छाती टेकली आणि भार तसाच ठेवला. सदूने पुन्हा हात उगारला, तेव्हा भागोजीने आंबे काढायचा बांबू त्याच्या मनगटावर घातला. कोयता उडाला. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या चौघांनी त्याला उताणा पाडून काथ्याने बांधला. तो लाथा झाडत होता, भावाला आईवरून शिव्या देत होता.

गाडी यायला पाऊण तास लागला. रत्नागिरीच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत दर्शना विठूवर वाकूनच गेली. तिथे डॉक्टरांना तिची आखडलेली बोटं एकेक करून सोडवावी लागली.

विठू वाचला, पण इतका वेळ रक्ताला मुकलेली मूत्रपिंडं बंद पडली होती. तीनदा डायलिसिस करावं लागलं. सहाव्या दिवशी पिशवीत चमचाभर लघवी उतरली, तर हौसाने पोर जन्मल्यासारखं वॉर्डभर सांगितलं. विठू आता लंगडत चालतो. दर्शनाने कोर्टात जसं घडलं तसं सांगितलं आणि सदूला शिक्षा झाली.

तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पण नोकरी चालू आहे. सदूला पकडलं तेव्हा त्याची बायको दिशा पाच महिन्यांची गरोदर होती. लोहाच्या गोळ्या घेऊन दर्शना तिच्या दारात गेली, तर दिशाने दार तोंडावर आपटलं. पुढच्या मंगळवारी दर्शना पुन्हा गेली. दार थोडंसं उघडलं. दिशाने नुसता हात पुढे केला.

"जेवणानंतर घ्यायची गो, चहाबरोबर नाही," दर्शना म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली.